शितावरून भाताची परीक्षा

गावच्या जत्रेतील महाप्रसादातून, लग्नाच्या पंगतीतून किंवा एखाद्या आश्रमशाळेच्या भोजनगृहातून शेदीडशे माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाल्याची वार्ता वृत्तपत्रात येते, तेव्हा तिच्या अखेरीस एक ठरीव वाक्य असते : अन्नाचे नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठविण्यात आले असून अहवालाची प्रतीक्षा आहे. हे वाक्य वाचून वाचकाचे समाधान होते, अधिकाऱ्यांना उसंत मिळते, आणि ज्याच्या हातचे अन्न लोकांनी खाल्ले तो आचारीही त्या अहवालाकडे डोळे लावून बसतो. कारण प्रयोगशाळेतून येणारा तो कागद म्हणजे या प्रकरणाचा अंतिम फैसला होय, अशी तिघांचीही दृढ समजूत असते. जंतू सापडले तर आचारी गुन्हेगार, न सापडले तर अन्न निर्दोष. पुष्कळदा तो अहवाल निरंक येतो, दप्तर बंद होते, आणि दीडशे माणसे एकाच रात्री आजारी का पडली हा मूळ प्रश्न त्या दप्तरातच राहून जातो.

या समजुतीचा प्रतिवाद करावा एवढ्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे. आपल्याकडील वादपद्धतीत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे लागते, म्हणून पूर्वपक्ष प्रथम सांगतो. एक, ज्या अन्नाचा नमुना तपासून त्यात घातक जीवाणू आढळले नाहीत ते अन्न खाण्यास सुरक्षित मानले पाहिजे. नाहीतर तपासणीला अर्थच उरत नाही. दोन, ज्या अन्नात असा जीवाणू आढळला त्याचा विक्रेता त्या आजारास जबाबदार धरला पाहिजे. नाहीतर कायद्याला धाक उरत नाही. तीन, एका नमुन्याच्या निकालास प्रयोगशाळा पाचपाच, सातसात दिवस लावतात ही केवळ दिरंगाई होय. आता काही तासांत उत्तर देणारी यंत्रे निघाली आहेत, ती प्रत्येक जिल्ह्यात बसवली की अन्नविषबाधेचा प्रश्न निकालात निघेल. ही तिन्ही विधाने सकृद्दर्शनी सयुक्तिक वाटतात, आणि ती करणारी माणसे लोकहिताच्या कळकळीनेच ती करतात, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु ती तिन्ही चुकीची आहेत, आणि त्यांच्या चुकीची किंमत पंगतीत बसणाऱ्यांना मोजावी लागते.

या सर्व समजुतीच्या मुळाशी आपली एक जुनी म्हण आहे : शितावरून भाताची परीक्षा. चुलीवरच्या पातेल्यातील एक शीत उचलून बोटांनी चेपले की सगळा भात शिजला की नाही हे गृहिणीला कळते, आणि ते बिनचूक कळते; कारण उकळत्या पाण्याची उष्णता पातेल्यातील प्रत्येक दाण्याला जवळजवळ सारखीच पोचलेली असते, आणि म्हणून एक दाणा हा सर्व दाण्यांचा खरा प्रतिनिधी असतो. दुधात पाणी किती घातले, तेलात दुसरे तेल किती मिसळले, मिठाईत कोणता रंग वापरला, या प्रश्नांनाही ही म्हण लागू पडते, कारण मिसळलेला पदार्थ सर्वत्र सारखा पसरतो. आपल्या अन्नतपासणीची मूळ घडण भेसळीचा शोध घेण्यासाठी झाली, १९५४ च्या कायद्याचे नावच अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा असे होते, आणि त्या तपासणीची विचारसरणी शिताच्या म्हणीवर उभी होती. जीवाणूंना मात्र ही म्हण लागू नाही. जीवाणू हे अन्नात विरघळत नाहीत; ते पुंजक्यापुंजक्यांनी राहतात. दुधाच्या भुकटीच्या दहा टन साठ्यात एखाद्या सांध्यातून ओल शिरली, तर त्या ओलीच्या आसपासच्या काही किलोंत जंतू असतील आणि उरलेले सगळे कोरडे व शुद्ध असेल. एका कोपऱ्यात आग लागलेल्या गावाची स्थिती दुसऱ्या कोपऱ्यातल्या घराचे तापमान मोजून समजत नाही.

येथे थोडा हिशेब मांडणे अवश्य आहे, कारण भावनेने न पटणारी गोष्ट हिशेबाने पटते. सालमोनेला या जीवाणूसाठी अनेक पदार्थांत पाच नमुने घ्यावेत, प्रत्येकी २५ ग्रॅम तपासावे, आणि पाचांपैकी एकातही तो आढळता कामा नये, असा दंडक आहे. दहा टनांच्या साठ्यातून असे पाच नमुने घेतले, तर तपासलेले अन्न १२५ ग्रॅम झाले, म्हणजे एकंदर साठ्याचा ऐंशी हजारावा हिस्सा. आता समजा, त्या साठ्यातील शंभरांपैकी एक पुडा दूषित आहे. एका नमुन्यात दोष न दिसण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव. पाचही नमुन्यांत न दिसण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णव. म्हणजे ज्या साठ्यातील प्रत्येक शंभरावा पुडा आजार देणारा आहे, तो साठा वीसपैकी एकोणीस वेळा निर्दोष म्हणून बाहेर पडेल. लहान मुलांच्या दुधभुकटीसाठी जो कडक नियम आहे त्यात साठ नमुने घेतात. तरीही शंभरात सुमारे पंचावन्न वेळा असा साठा सुटून जाईल. पंच्याण्णव टक्के खात्रीने तो दोष पकडावयाचा तर जवळजवळ तीनशे नमुने तपासावे लागतील. आणि ज्याला एक टक्क्याऐवजी हजारात एक असा दोष पकडावयाचा असेल, त्याने जवळजवळ तीन हजार नमुन्यांची तयारी ठेवावी. यात यंत्राचा, तंत्रज्ञाचा किंवा सरकारचा काहीही दोष नाही. हा गणिताचा नियम आहे, आणि त्याला कोणत्याही अध्यादेशाने मुभा मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, इतक्या विरळ जंतूंनी माणूस आजारी पडतोच कशाला? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत १९९४ साली मिळाले. त्या वर्षी आइस्क्रीममधून सालमोनेलाची साथ पसरली, आणि आजारी पडलेल्यांची संख्या सुमारे २ लाख २४ हजार असावी असा अंदाज संशोधकांनी बांधला. आइस्क्रीमचे मिश्रण वाहून नेणाऱ्या टँकरमधून आधी कच्च्या अंड्यांचा द्रव नेला गेला होता, हे तिचे कारण. त्या आइस्क्रीममधील जंतूंची मोजणी पुढे केली गेली, तेव्हा सर्वांत दूषित नमुन्यातही दोन ग्रॅमला जेमतेम एक जंतू निघाला, आणि सर्वांत कमी दूषित नमुन्यात २५० ग्रॅममागे एक. अशा शेवटच्या नमुन्याचे नेहमीप्रमाणे २५ ग्रॅम तपासले असते, तर दहांपैकी नऊ वेळा अहवाल निरंक आला असता. स्निग्ध पदार्थ जठरातील आम्लापासून जंतूंचे रक्षण करतात, म्हणून चॉकलेट, लोणी, आइस्क्रीम यांतून अत्यल्प जंतूही आतड्यापर्यंत सुखरूप पोचतात. निरंक अहवाल आणि रुग्णांनी भरलेला दवाखाना ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे यावरून ध्यानी यावे.

आता दिरंगाईच्या आरोपाकडे वळतो. मी आयुष्याची काही वर्षे अशा तपासणीच्या मेजापाशी घालवली आहेत, आणि रात्री इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या बशा सकाळी बाहेर काढताना जो अधीरपणा वाटतो तो मला ठाऊक आहे. त्यामुळे हा आरोप मला विशेष अन्याय्य वाटतो. सालमोनेलाचा शोध कसा होतो ते पाहावे. २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर पेप्टोनच्या पाण्यात घालून ३७ अंशांवर सुमारे अठरा तास ठेवतात. हे पाणी मुद्दाम सौम्य ठेवलेले असते. कारण वाळवणे, गोठवणे, तळणे किंवा आंबवणे यांतून वाचलेले जंतू अर्धमेले असतात, आणि त्यांना लगेच कडक औषधयुक्त माध्यमात टाकले तर जे शोधावयाचे तेच मरून जाते. त्यांना सावरल्यावर मग दोन निवडक माध्यमांत आणखी एक दिवस ठेवतात, ज्यात इतर जंतू दबतात आणि सालमोनेला वाढतो. नंतर तो बशीतील घट्ट माध्यमावर रेघोट्या ओढून पसरतात, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी तांबड्या पार्श्वभूमीवर काळ्या मध्याचे ठिपके उमटले तर संशय घेतात. हा संशयच, खात्री नव्हे. ती करण्यासाठी जैवरासायनिक व रक्तद्रवाच्या कसोट्या लावाव्या लागतात. नकार द्यावयाचा तरी तीन दिवस, आणि होकार द्यावयाचा तर पाच किंवा अधिक. हा काळ कारकुनाच्या टेबलावर गेलेला नसतो; जिवंत पेशीला दुणावण्यास जो काळ लागतो तो हा आहे, आणि निसर्गाच्या या घड्याळाला कोणी तगादा लावू शकत नाही.

त्यातही प्रत्येक अन्नाचे स्वतःचे अडथळे असतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते विशेष आहेत. लवंग आणि दालचिनी यांतील तेले जंतूंना दाबून ठेवतात. म्हणून गोड्या मसाल्यासारख्या पदार्थाचा नमुना नेहमीच्या दसपट पाण्यात मिसळला, तर मसाल्यातील जिवंत सालमोनेला त्या फ्लास्कमध्ये वाढूच शकत नाही आणि अहवाल निरंक येतो. तोच मसाला मणभर भाजीत पडला की तेलांचा दाब ओसरतो आणि जंतू मोकळा होतो. यास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जीवाणू-विश्लेषण पुस्तिकेत दालचिनी शंभरपट आणि लवंग हजारपट विरल करावी असे सांगितले आहे, आणि कांदालसणाच्या भुकटीसाठी माध्यमात पोटॅशियम सल्फाइट घालावयास सांगितले आहे. ज्याने हे केले नाही त्याचा अहवाल खोटा नसतो, पण तो मसाल्याविषयी काही सांगत नाही. दही, ताक, इडलीचे पीठ यांत अडचण वेगळी : तेथे निरुपद्रवी जंतूंची एवढी गर्दी असते की एखादा घातक जंतू त्या गर्दीत वाढण्याआधीच पोषणद्रव्य संपून जाते.

आणखी एक गोष्ट तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. १९८२ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पटकीचा जंतू प्रतिकूल पाण्यात अशा अवस्थेत जातो की त्यात तो जिवंत असतो, परंतु कोणत्याही बशीवर वाढत नाही. बशी कोरी राहते, आणि जंतू मात्र मेलेला नसतो. ज्या शास्त्राची सर्व साक्ष बशीवरील वाढीवर अवलंबून होती, त्याला हा मोठा धक्का होता. 'वाढला नाही' आणि 'नव्हता' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे त्या दिवसापासून प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जाणतो. कार्यालयात पोचल्यावर मात्र ही दोन्ही वाक्ये एकच होऊन जातात.

याच्या उलट बाजूनेही फसगत होते : जंतू मरतो आणि त्याचे विष राहते. जपानमध्ये २००० सालच्या उन्हाळ्यात ओसाका व आसपासच्या भागात दूध पिऊन १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. शोध घेता घेता मूळ सापडले ते शेकडो मैल दूर, होक्काइडो बेटावरील ताइकी येथील कारखान्यात. मार्च महिन्याच्या अखेरच्या दिवशी तेथील वीज काही तास गेली होती. दूध कोमट राहिले. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू वाढला आणि त्याने आपले विष सोडले. नंतर ते दूध नेहमीप्रमाणे तापवून त्याची भुकटी केली गेली, आणि त्या उष्णतेने जीवाणू मेले; विष मात्र उष्णतेला दाद देत नाही, ते तसेच राहिले, आणि ती भुकटी पुढे दुसऱ्या दुधात मिसळली गेली. त्या भुकटीत जिवंत जंतूंची तपासणी कितीही काळजीपूर्वक केली असती, तरी जंतू न सापडणे हेच खरे उत्तर होते, आणि तरीही भुकटी विषारीच होती. भाताचीच गोष्ट घ्या. बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू तांदळाबरोबर पातेल्यात येतात आणि उकळत्या पाण्यातूनही वाचतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि वांतीकारक विष तयार करतात, जे सकाळच्या फोडणीने नाहीसे होत नाही. इंग्लंडमधील उपाहारगृहांत १९७० नंतरच्या काही वर्षांत परतलेल्या भातातून अशा आजारांचे अनेक प्रकार घडले, आणि तेव्हा या विषाचा उलगडा झाला. शितावरून भात शिजला की नाही ते कळते. तो शिजल्यावर किती तास उघडा राहिला ते कळत नाही.

आता नव्या यंत्रांविषयी. पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, म्हणजे जिला सर्वत्र पीसीआर म्हणतात, ती कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली आणि दहा वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे सामर्थ्य मी मान्य करतो. तिच्यामुळे संशयित नमुने लवकर वेगळे काढता येतात, आणि प्रत्येक चांगल्या प्रयोगशाळेत ती असली पाहिजे. पण तिच्याकडून ज्या चमत्काराची अपेक्षा धरली जाते तो ती करू शकत नाही. पहिली गोष्ट, २५ ग्रॅममधील एकदोन जंतू तिलाही थेट सापडत नाहीत. कारण यंत्राच्या नळीत अन्नाचा जो अंश जातो तो थेंबाचाही लहानसा भाग असतो, म्हणून जंतू वाढविण्याचा एक दिवस तिलाही द्यावाच लागतो. दुसरी गोष्ट, स्निग्धांश, कॅल्शियम आणि मसाल्यांतील द्रव्ये तिच्या क्रियेत अडथळा आणतात आणि खोटा नकार देववितात. तिसरी गोष्ट, ती जंतूचे जनुकद्रव्य ओळखते, आणि जनुकद्रव्य मेलेल्या जंतूतही काही काळ टिकते. म्हणून नीट उकळलेल्या, खाण्यास योग्य अन्नावरही ती ठपका ठेवू शकते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, ज्या नमुन्यात जंतू आलाच नाही त्यात तो दाखविण्याचे सामर्थ्य कोणत्याही यंत्रात नाही. मासा जाळ्यात शिरला नाही, तर टोपलीत तो कितीही चांगल्या दिव्याने शोधला तरी काय होणार?

पूर्वपक्षाचे दुसरे विधान असे की, जंतू सापडला की गुन्हेगार सापडला. या विधानाचा सर्वांत दुःखद प्रतिवाद जर्मनीने २०११ साली केला आहे. त्या वर्षी मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ताच्या जुलाबांची व मूत्रपिंड निकामी होण्याची भयंकर साथ उसळली. २६ मे रोजी हँबुर्गमधील अधिकाऱ्यांनी जाहीर केले की, स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर रोगकारक ई. कोलाय सापडला आहे. तपासणी खोटी नव्हती. काकड्यांवर जंतू खरोखरच होता. परंतु पाच दिवसांनी कळले की तो रुग्णांतील जंतू नव्हेच. रुग्णांत ओ१०४ एच४ हा प्रकार होता आणि काकड्यांवरचा प्रकार निराळा. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांची भाजी शेतात आणि बंदरात कुजली होती, आणि पुढे भाजी उत्पादकांना युरोपीय संघाने वीस कोटींहून अधिक युरोंची भरपाई दिली. जंतू सापडणे आणि त्या जंतूने ही साथ केली असणे, यांच्यामध्ये जो पुरावा लागतो तो गोळा होण्याआधीच फैसला सांगितला गेला, एवढाच त्या अधिकाऱ्यांचा दोष. पण त्याची शिक्षा तिसऱ्यानेच भोगली.

मग खरे मूळ कसे सापडले? तेथेच या विषयाचे मर्म आहे. रॉबर्ट कोख संस्थेच्या संशोधकांनी रुग्णांना काय खाल्ले ते विचारले, तेव्हा मोड आलेल्या बियांची आठवण फार थोड्यांना होती. कारण त्या कोशिंबिरीवर चिमूटभर पेरलेल्या असतात आणि कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. तेव्हा संशोधकांनी एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या मंडळींची टिपणे व छायाचित्रे गोळा केली, आणि कोणी कोणता पदार्थ मागवला होता ते ठरवून, त्या प्रत्येक पदार्थात काय काय घातले होते हे स्वयंपाक्याला विचारले. आजारी पडलेले आणि न पडलेले यांची तुलना केल्यावर बोट मोडांकडे वळले. तेथून मोडांच्या उत्पादकाकडे, आणि फ्रान्समधील बोर्दोजवळच्या दुसऱ्या लहान साथीशी ताडून पाहता, इजिप्तमधून आयात झालेल्या मेथीच्या बियांकडे. आणि आता वाचकाने हे नीट ऐकावे : त्या मेथीच्या बिया पुनःपुन्हा तपासल्या गेल्या, आणि त्यांत तो जंतू सापडला नाही. मोडांच्या एका अर्धवट वापरलेल्या पाकिटात, तेही घरातील कचऱ्यातून काढलेल्या, तो आढळला, बियांत नाही. ३,८१६ माणसे आजारी पडली, ५४ मरण पावली, आणि ज्या बियांवर सर्व साखळी येऊन मिळते त्यांचे अहवाल निरंक. निरंक अहवाल हाच फैसला मानला असता, तर मेथीला निर्दोष ठरवून काकडीलाच शिक्षा झाली असती.

निरंक अहवालाची ही प्रतिष्ठा लबाडालाही उपयोगी पडते. अमेरिकेत २००८-०९ साली भुईमुगाच्या लोण्यातून सालमोनेलाची साथ आली. ७१४ रुग्ण नोंदले गेले आणि ९ मृत्यू झाले. चौकशीत असे निघाले की जॉर्जियातील त्या कारखान्याच्या स्वतःच्या तपासण्यांत यापूर्वी वारंवार सालमोनेला सापडला होता. परंतु पुन्हा तपासणी करवून निरंक अहवाल मिळाला की तो माल रवाना होत असे. वर सांगितलेला हिशेब ज्याला समजला त्याला या कृत्यातील भयानकता समजेल. पहिल्या ओंजळीत जंतू होता आणि दुसऱ्या ओंजळीत नव्हता. दोन्ही खरे आहे, आणि दुसरे पहिल्याला खोडू शकत नाही. त्या कारखान्याच्या प्रमुखास २०१५ साली २८ वर्षांची कैद झाली. त्या न्यायालयाने जो धडा दिला तो आपण घेतला पाहिजे : होकार एकदा आला की तो कायम राहतो, नकार कितीही वेळा आला तरी तो तेवढ्याच ओंजळीपुरता असतो.

आपल्या कायद्याची व पद्धतीची घडी या सत्याशी अजून जुळलेली नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार, नियमांनी केलेले अपवाद वगळता, नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करावयाचे असतात, आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. रसायनांच्या बाबतीत ही व्यवस्था न्याय्य आहे. शिसे किंवा रंग चार भागांत सारखाच उतरतो आणि महिन्याभराने तपासला तरी तेवढाच राहतो, म्हणून अपिलात दुसरा भाग तपासून पहिल्याची सत्यता पडताळता येते. जीवाणूंच्या बाबतीत चार भाग ही चार निरनिराळी अन्ने असतात, आणि दिवस जातात तसे एकात जंतू वाढतात, दुसऱ्यात मरतात. मग अपिलातील नकार हा मूळ होकाराला कसा खोडणार? दुधाच्या नमुन्याला तर टिकण्यासाठी फॉर्मॅलिन घालण्याची पद्धत भेसळ कायद्याच्या काळापासून चालत आली आहे. रासायनिक तपासणीस ती उपकारक आहे, परंतु तोच नमुना जंतूंसाठी तपासला तर शोधावयाची वस्तू अधिकाऱ्याने स्वतःच्या हातांनी मारलेली असते. विषबाधेनंतर काय पाठवले जाते तेही पाहावे : बहुधा तळाशी उरलेले, पुन्हा तापवलेले किंवा रात्रभर उन्हातान्हात राहिलेले अन्न. पंचनाम्यात त्या डब्याचे सील, सही आणि साक्षीदार यांची नोंद असते. डबा बर्फात होता की मोटारीच्या पाठीमागे तापत होता याची नोंद मात्र क्वचितच असते.

आता माझ्यावरचा आक्षेप मला दिसतो आहे. तपासणी जर इतकी अपुरी, तर ती करावीच कशाला? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. तपासणी करावी, आणि आजच्यापेक्षा अधिक करावी. परंतु पंगतीतील ताटाला निर्दोषतेचा दाखला देण्यासाठी नव्हे, तर ज्या रीतीने ते ताट वाढले जाते त्या रीतीवर पाळत ठेवण्यासाठी. हा भेद प्रथम ज्यांच्या ध्यानात आला ते लोक अंतराळवीरांचे जेवण तयार करणारे होते. १९६० च्या आसपास अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने अंतराळात खाण्याचे अन्न बनविण्याचे काम पिल्सबरी कंपनीकडे सोपविले. अंतराळात जुलाब लागले तर उपाय नव्हता. हॉवर्ड बाउमन आणि त्यांचे सहकारी हिशेब करू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की तयार अन्न तपासून खात्री द्यावयाची तर तयार केलेल्या मालाचा मोठा हिस्सा तपासणीतच खर्च होईल आणि यानात पाठविण्यास थोडेच उरेल. म्हणून त्यांनी प्रश्नच उलटा केला : जंतू अन्नात कोठून शिरतो, कोठे वाढतो, आणि कोठे मारता येतो? त्या त्या जागी तापमान, वेळ, पाणी आणि हात यांवर बंदोबस्त ठेवावयाचा, आणि त्याची नोंद ठेवावयाची. १९७१ साली ही पद्धत जाहीरपणे मांडली गेली, आणि आज जगभरच्या अन्नव्यवहारात ती पायाभूत मानली जाते. या पद्धतीत प्रयोगशाळेचे स्थान कमी होत नाही, बदलते. ती कारखान्याची जमीन, नळ, पाणी, सुऱ्या, हात यांची नियमित तपासणी करते, आणि एक होकार आला की सगळे काम थांबवून मूळ शोधावयास लावते. होकाराला ती पूर्ण किंमत देते. नकाराला तेवढीच देते जेवढी त्याची आहे.

म्हणून जे लोक जिल्ह्याजिल्ह्यात यंत्रे मागतात त्यांना माझी विनंती आहे की, यंत्रे जरूर मागावीत, पण त्यांच्याही आधी आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात एक थर्मामीटर, शीतकपाटाला अखंड वीज, हात धुण्यास वाहते पाणी व साबण, आणि भात शिजल्यापासून वाढेपर्यंतच्या तासांची एक साधी वही मागावी. जेथे साथ आली तेथे अधिकाऱ्यांनी अन्नाच्या डब्याबरोबर रुग्णांच्या शौचाचे नमुनेही त्याच दिवशी घ्यावेत, दोन्ही थंड ठेवून पाठवावेत, आणि पंगतीला बसलेल्या सर्वांची, आजारी पडलेल्यांची आणि न पडलेल्यांचीही, कोणी काय खाल्ले याची यादी करावी. जर्मनीतील साथीचे मूळ ज्या यादीने शोधले तीच यादी सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या लग्नघरीही काम देईल, आणि तिला लागतात फक्त वही, पेन्सिल आणि एका दिवसाची चिकाटी. न्यायासनासमोर जंतूच्या अहवालावर वाद होईल तेव्हा दुसऱ्या भागातील नकाराने पहिल्या भागातील होकार रद्द होत नाही, हे विधिज्ञांनी समजून घ्यावे. आणि ज्यांनी तो अहवाल लिहिला त्या तंत्रज्ञांवर दिरंगाईचा ठपका ठेवण्याआधी, त्यांच्यापर्यंत नमुना कोणत्या दिवशी आणि कोणत्या अवस्थेत पोचला एवढे तरी विचारावे.

वाचकालाही एक सांगणे आहे. असा अहवाल कधी हाती आला, तर त्यातील 'आढळले नाही' या दोन शब्दांपाशी न थांबता त्याच ओळीतील पुढचे शब्द वाचावेत. प्रामाणिक प्रयोगशाळेने ते तेथे लिहिलेलेच असतात : 'तपासलेल्या २५ ग्रॅममध्ये'. त्या २५ ग्रॅमची जबाबदारी प्रयोगशाळेने घेतली आहे. पातेल्यातील उरलेल्या भाताची जबाबदारी ज्याने तो रांधला, झाकला आणि वाढला त्याचीच आहे.